तुझ्यासाठी घेतलेलं मशीन

माझ्या शिकवणीला सुट्टी होती म्हणून सकाळीच भाईंदरच्या केबिन रोडला भाजीवाल्यासमोर उभी राहून मी गवार निवडत होते, तेव्हा ज्योत्स्नाबेनचा फोन आला. ज्योत्स्नाबेन आमच्या शेजारच्या, चौथ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर. "भाभी, आपके घर में मशीन बंद ही नहीं हो रहा. बेल मारी, भाई दरवाजा नहीं खोलते." मी वैतागले. म्हटलं, "त्यांना हौस आहे, वाजवू देत." त्या म्हणाल्या, "ना भाभी, रोज आवाज इधर-उधर फिरता है. आज एकही जगह पे है." एवढ्या बोलण्यावरून मला कळायला हवं होतं. कळलं नाही. मी गवार घेतली, कोथिंबिरीची जुडी उलटसुलट करून बघितली आणि नेहमीच्या चालीनं घरी आले. दार उघडलं तर दत्ताराम बाहेरच्या खोलीत कुशीवर पडले होते. धूळ ओढायच्या मशीनचा दांडा त्यांच्या बाजूला कललेला होता, आत ब्रश फिरत होता आणि जळलेल्या रबराचा वास सुटला होता. मी आधी प्लग काढला, मग त्यांच्याकडे वळले. हा क्रम मला नंतर पुष्कळदा आठवला, पण घडलं ते असंच. खालच्या दवाखान्यातले डॉक्टर येऊन म्हणाले, "अर्धा-पाऊण तास झाला असेल…"

याला आता सहा आठवडे झाले. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. "हे", "मीनलचे बाबा" असं म्हणत मी एकतीस वर्षं काढली. इथे मात्र मी नाव घेतलं आहे आणि पुढेही घेणार आहे. दिवसांना रत्नागिरीहून आलेल्या चुलत सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बायकोला घरकामात एवढी मदत करणारा पुरुष मी पाहिला नाही." खोलीतल्या सगळ्या बायकांनी माना हलवल्या. सोसायटीच्या सेक्रेटरींनी शोकसभेत हेच सांगितलं. मी हात जोडून बसले होते. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे मलाही शिकवलेलं आहे. पण जे झालं नाही ते झालं म्हणून माझ्यासमोर सांगितलं जातंय, हे मला सोसेना. म्हणून लिहायला बसले.

दत्ताराम एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. सत्तावीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या यंत्रांचे सुटे भाग मोजले, फळीवर लावले, सही घेऊन दिले. माणूस टापटिपीचा. लग्नानंतरची पहिली काही वर्षं आमची बरीही गेली, खोटं कशाला लिहू? पावसाळ्याआधी आम्ही समुद्रकाठच्या तारोडीला सुके बोंबील आणायला जायचो. मीनल त्यांच्या खांद्यावर. तिथली एक म्हातारी मासळीवाली त्यांना सांगायची, "दादा, आजचा माल तुझ्या जोगा न्हाय, पुढल्या खेपेस ये," आणि ते तिचं ऐकून खरंच रिकाम्या हातानं परत यायचे. परक्या माणसाचं ते पटकन ऐकत. माझं ऐकलं असा प्रसंग आठवायला मला बराच वेळ लागतो.

दोन हजार सालच्या दिवाळीआधी एका रविवारी टाय लावलेला एक विक्रेता दारात आला. बरोबर खोकं. दत्तारामांनी त्याला आत घेतलं. त्यानं आमच्या पलंगावरची चादर काढली, गादीवरून मशीन फिरवलं, पिशवी उघडून काळ्या कापडावर झटकली आणि मला म्हणाला, "मॅडम, इसपर आप सोते हो." पिठासारखी धूळ होती ती. मला धुळीचा त्रास पहिल्यापासून, सकाळी उठले की वीस-वीस शिंका, थंडीत छाती वाजायची. हे त्याला दत्तारामांनीच आधी सांगितलं होतं. आमच्याकडे तेव्हा पाणी दिवसाआड यायचं, तेही त्याला ठाऊक होतं. "पोछा मारने की जरूरत ही नहीं," म्हणाला. मी आतून खुणा करत होते, नको म्हणून. दत्तारामांनी सही केली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्यासाठी घेतलं."

हे वाक्य मी नऊ वर्षं ऐकलं.

मशीन परदेशी बनावटीचं, उभ्यानं ढकलायचं. तांदळाच्या दहा किलोच्या पिशवीपेक्षा जड. आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. ते मशीन दाराशेजारी उभं राहिलं आणि चपलांचा स्टँड जिन्यात गेला. वापरायला लागल्यावर कळलं की गुळगुळीत फरशीवर त्याचा ब्रश धूळ ओढायच्या आधी इकडेतिकडे उडवतो. दत्तारामांनी विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, हे मुळात गालिच्यासाठी असतं. मला वाटलं, आता परत देतील. त्यांनी गालिचा आणला. मरून रंगाचा, भिंतीपासून भिंतीपर्यंत, खाली गोंद लावून चिकटवलेला. भाईंदरच्या हवेत, खाडी एका बाजूला आणि समुद्र दुसऱ्या बाजूला असताना! पहिल्याच पावसाळ्यात त्याला ओल्या गोणपाटाचा वास यायला लागला आणि माझा दमा, जो थंडीपुरता होता, तो बारा महिन्यांचा झाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गालिचा काढा. मी घरी येऊन तसं सांगितलं तर दत्तारामांनी मला शांतपणे विचारलं, "गालिचा काढला तर मशीनचं काय करायचं?"

मशीन ढकलायचं काम माझं. ते कामावरून आले की बूट काढायच्या आधी धुळीची पिशवी उघडून बघत. कमी भरलेली दिसली तर म्हणत, "पलंगाखाली गेली नाहीस आज." पलंगाखाली ते मशीन जायचंच नाही, पलंग सरकवावा लागायचा. दर रविवारी ते मशीन आडवं करून, वर्तमानपत्र पसरून, ब्रशच्या रोलरला गुंडाळलेले केस ब्लेडनं कापून काढत. माझे केस तेव्हा कमरेखाली होते. लग्नात सगळ्यांनी त्या केसांचंच कौतुक केलं होतं. कापलेल्या केसांचा तो काळा-करडा पुंजका ते वर्तमानपत्रासकट माझ्यासमोर आणून ठेवत. "बघ. यानं पट्टा तुटतो." पट्टा दोनदा तुटलाही. दोन्ही वेळा रजा टाकून ते मुंबईत जाऊन नवा घेऊन आले. माझ्या दम्यासाठी त्यांनी एकदाही रजा टाकली नव्हती.

पट्टा दुसऱ्यांदा तुटला त्या आठवड्यात मी एका दुपारी केबिन रोडच्या पार्लरमध्ये गेले आणि मानेपर्यंत केस कापून आले. पार्लरवाली मुलगी दोनदा म्हणाली, "आंटी, पक्का ना?" वेणी तिनं कागदात गुंडाळून दिली, ती मी तिथेच ठेवली. संध्याकाळी दत्ताराम आले. मी चहा ठेवला. मनात म्हटलं, आता ओरडतील. मला ओरडायला हवे होते ते. एकदा तरी माझ्याकडे बघून ओरडू देत. त्यांनी चहा घेतला, माझ्या मानेकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं झालं. आता रोलर मोकळा राहील."

त्या रात्री आमच्यात भांडण झालं नाही. मी कामापुरतं बोलू लागले, एवढंच. मीनल तेव्हा कॉलेजात होती. तिनं विचारलं, "आई, काय झालं?" मी म्हटलं, "केस सांभाळणं होत नाही गं."

पुढच्या वर्षी माझी मणक्यातली गादी सरकली. तीन आठवडे पाठीवर झोपून होते. डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही, ढकलायचं नाही असं सांगितलं. दत्ताराम समोरच होते. रिक्षात बसताना म्हणाले, "ढकलायला काय लागतं, चाकं आहेत की त्याला." घरी आल्यावर मी उठून बसण्याजोगी झाले त्या दिवशी मी केरसुणी हातात घेतली आणि सांगितलं, "मी ते मशीन पुन्हा धरणार नाही. तुम्हाला हवं तर तुम्ही धरा." एकतीस वर्षांत मी त्यांना दिलेलं हे एकच सरळ उत्तर. त्यांनी मशीनवर कापड टाकलं. चार महिने ते तसंच झाकलेलं राहिलं.

मग ते निवृत्त झाले. आणि त्यांनी मशीन धरलं.

मी लग्नाआधीपासून शिकवण्या घेत होते. भाईंदरला आल्यावर खारी गावातली आणि आमच्या आसपासच्या इमारतींमधली तिसरी-चौथीची मुलं माझ्याकडे सकाळी नऊ ते अकरा यायची. त्यांची शाळा दुपारची. चौदा मुलं होती, बाहेरच्या खोलीत गोल करून बसायची. दत्तारामांना दिवसभर दुसरं काही काम नव्हतं. आठ वाजता चालवता आलं असतं, दुपारी आलं असतं. त्यांनी दहा वाजता चालवायला सुरुवात केली. आधी आतल्या खोलीत, मग बाहेर. मुलं पाय वर घेऊन बसायची, ते त्यांच्या मधून दांडा घालत. मी म्हटलं, "अहो, मुलं बसली आहेत." ते म्हणाले, "घर आहे, शाळा नाही." मीनलचं तोवर लग्न होऊन ती पुण्याला गेली होती. तिनं फोनवर विचारलं, "बाबा, आईच्या क्लासच्या वेळेलाच का?" त्यांनी उत्तर दिलं, "तुझ्या आईला धुळीचा त्रास आहे. तिच्यासाठीच करतोय."

पालक कुरकुरायला लागले. एक आई म्हणाली, "टीचर, बच्चा बोलता है कुछ समझ में नहीं आता." वर्षभरात चौदाची आठ मुलं झाली, मग पाच. मी जागा शोधली, मिळाली नाही. स्वयंपाकघरात पाच मुलं मावत नव्हती. मी तशीच शिकवत राहिले. चार वर्षं. आणि याच चार वर्षांत सगळ्या इमारतीनं खिडक्यांतून, दारांतून पाहिलं की चौथ्या मजल्यावरचे भाई रोज स्वतः घर साफ करतात. हळदीकुंकवाला बायका म्हणायच्या, "नशीबवान आहात हो." मी त्यांच्या ओटीत तांदूळ घालत होते. तिथे काय सांगणार? ऐकणाऱ्याला ती कौतुकाचीच गोष्ट वाटली असती.

आयुष्यभर दुसऱ्यांची यंत्रं सांभाळलेल्या माणसाला एक यंत्र स्वतःचं हवं होतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. मशीनची माहितीपुस्तिका ते प्लास्टिकच्या पिशवीत ठेवत. वर्ष संपलं की मशीनवर झाकायला नवं कापड शिवून आणत. एकदा मी त्यांना त्याच्या हँडलवरून फडकं फिरवताना दारातून बघितलं. किती जपून… इतक्या हलक्या हातानं त्यांनी दुसऱ्या कशाला शिवलेलं मला आठवत नाही. वाईट वाटलं मला. पण वाईट वाटल्यानं माझी पाठ बरी झाली नाही आणि गेलेली नऊ मुलं परत आली नाहीत. लोक सांगतात, माणूस गेला की राग निवळतो. सहा आठवड्यांत माझा निवळलेला नाही. मला रडूही आलेलं नाही. मीनल त्याला घाबरते, रोज फोन करते. तिला मी सांगते, "मी बरी आहे." खरंच बरी आहे.

तेराव्यानंतर मी दोन माणसं बोलावून गालिचा उचलायला लावला. जिथे मशीन त्या दिवशी एकाच जागी फिरत राहिलं होतं, तिथला वीतभर तुकडा घासून पांढरा पडला होता, खालची सुतळी दिसत होती. एक माणूस म्हणाला, "ये तो जल गया है." मी म्हटलं, "हां. ले जाओ." मशीन ज्योत्स्नाबेनच्या पुतण्यानं त्याच्या ऑफिससाठी नेलं. लिफ्ट बंद होती, दोघांनी मिळून चार मजले उतरवलं. खाली गेल्यावर वर बघून तो ओरडला, "आंटी, कितना भारी है यार!" मी गॅलरीतून मान हलवली. नंतर तीन दिवस फरशीवरचा गोंद मी बसून खरवडला. पाठ दुखली, पण माझ्या मर्जीनं दुखली.

मागच्या सोमवारी शिकवणी पुन्हा सुरू केली. तीन नवी मुलं धरून आठ झाली. फरशीवर सतरंजी घातली, खिडक्या उघड्या. दहा वाजून गेले तरी खोली शांत. मी साताचा पाढा घेत होते. पुढ्यात बसलेली हेतल, जुन्या पाचांतली, तिनं हळूच हात वर केला. "टीचर, आप चिल्ला क्यूं रहे हो? हम तो इधरही बैठे हैं."

मी म्हटलं, "मी ओरडत नाहीये गं." म्हणतानाच मला माझा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत आलेला ऐकू आला. नवी मुलं माझ्याकडे भेदरून बघत होती. जुनी पाच मात्र निवांत होती, त्यांना मी अशीच माहीत आहे. मी पाणी प्यायले आणि हळू आवाजात पुन्हा सुरुवात केली. सात एके सात, सात दुणे चौदा… चौथ्या ओळीला आवाज परत चढला. दुपारी ज्योत्स्नाबेन दारात भेटल्या, म्हणाल्या, "भाभी, आपका पहाडा मेरे किचन तक आता है." मग जीभ चावली आणि माझा हात धरून उभ्या राहिल्या.

आता रोज नऊ वाजता मुलं आली की मी स्वतःला बजावते, हळू. तासभर जमतं. दहा वाजले की माझ्या नकळत आवाज वर जातो. मग हेतल ओठांवर बोट ठेवते आणि मी थांबते.