हौसाक्काची शिकवणी

सॉफ्टवेअरमधली चूक सापडली की दुरुस्त होते, तिच्यामागचा किस्सा मात्र तसाच राहतो. माझ्याकडं आता कोड कमी आणि किस्सेच जास्त झालेत! त्यातले निम्मे एकट्या बेदाण्याच्या मशीनचे.

मी साताऱ्याचा. सांगलीत माधवनगरच्या एका बेदाणा व्यापाऱ्याकडं आमच्या छोट्या कंपनीनं निवडणीचं मशीन लावलं होतं. पट्ट्यावरून बेदाणा जाणार, वरून कॅमेरा बघणार आणि कॉम्प्युटर सांगणार, माल एक नंबर, दोन नंबर की तीन नंबर. हौसाक्का ही तिथली सगळ्यात जुनी निवडणारी बाई. मालकांची अट सरळ होती. "सीझन संपताना पन्नास ट्रे लावायचे. हौसाक्काचा आणि मशीनचा एक जरी निकाल जुळला नाही, तर मशीन उचला!"

मशीन उचललं असतं तर त्याच टेम्पोत आमची कंपनीही भरावी लागली असती.

*

आधी बसवलं रूल इंजिन. म्हणजे नियम माणसानं सांगायचे, कॉम्प्युटरनं मुकाट पाळायचे. नियम सांगायला सुभेदार. मिलिटरीतून रिटायर होऊन मालकांकडं सुपरवायझर झालेले. त्यांनी पहिलाच नियम ठणकावला, "काळं दिसलं की भायेर!"

मशीन चालू केलं. सगळा बेदाणा बाहेर! चांगला, वाईट, सगळाच. तासभर डोकं खाजवल्यावर कळलं, पट्टाच काळा होता.

सुभेदार मात्र खूश. "हुकूम म्हंजे हुकूम! शिपाई पक्का हाय!"

*

पट्टा पांढरा केला. नियम वाढत गेले. एका दुपारी सुभेदार माझ्या कानाशी लागले.

"मालकांच्या मेव्हण्याचा माल आला तर एक नंबरानं वर चढवायचा. ह्यो बी नियम घाला."

"आवं सुभेदार, कॅमेऱ्याला मेव्हणा कसा दिसणार?"

"आमाला रोज दिसतोय की! त्याला दिसायला काय झालं?"

*

शेवटी नियमच नियमांशी भांडायला लागले, तेव्हा मशीन लर्निंगकडं वळलो. हौसाक्काला सांगितलं, "आता नियम नाहीत. तुम्ही निवडायचं, आम्ही फोटो काढायचे. मशीन तुमचं बघून शिकणार."

"किती फोटू?"

"वीस हजार तरी लागतील."

ती मशीनकडं बघतच राहिली. "सुनेला चार दिसांत शिकिवलं म्या. ह्यो लयच ढ दिसतोय!"

*

महिनाभरानं मशीन हौसाक्काइतकं बिनचूक सांगायला लागलं. मी साताऱ्याहून कंदी पेढे आणले, वाटले. दुसऱ्या दिवशी हौसाक्का लग्नाला गेली आणि मशीन प्रत्येक ट्रेला म्हणालं, तीन नंबर!

फोटो उघडून बसलो. एक नंबरचा ढीग हौसाक्काच्या हाताशी असायचा, त्यामुळं त्या प्रत्येक फोटोच्या कडेला तिच्या हिरव्या बांगड्या आलेल्या. मशीननं बेदाणा बघितलाच नव्हता. बांगड्या दिसल्या की एक नंबर!

सुभेदारांनी जागेवर उपाय काढला, "फोटू कशाला परत काढताय? मालकांना बांगड्या भरा आन् उभं करा हितं!"

हे मालकांच्या कानावर गेलं. दोन दिवस ते हात खिशात घालून फिरत होते.

*

परत फोटो काढले, परत शिकवलं. परीक्षेचा दिवस उजाडला. आधी हौसाक्का निकाल सांगणार, सुभेदार तो पाटीवर लिहिणार, मग मशीन. एकोणपन्नास ट्रे जुळले.

पन्नासावा ट्रे. पाटीवर 'दोन नंबर'. मशीन म्हणालं, एक नंबर!

मालक चष्मा शोधायला लागले. तेवढ्यात हौसाक्का उठली.

"थांबा मालक. मी बगती परत."

ती ट्रेवर वाकली. सगळ्या बेदाण्यातून सावकाश हात फिरवला, इकडून तिकडं, तिकडून इकडं. मग कंबर सरळ करत म्हणाली, "व्हय की! एक नंबरच हाय ह्यो. माझंच चुकलं."

मालकांनी चष्मा लावून दाणा न् दाणा बघितला. कुठंच खोट नाही! "हौसाक्का, इतक्या वर्षांत पहिल्यांदा चुकलीस गं," म्हणाले आणि मशीन ठेवून घेतलं.

मी तिला शेडच्या मागं गाठलं. "हौसाक्का, खरंच चुकलं तुमचं?"

तिनं इकडंतिकडं बघून मूठ उघडली. आत त्याच ट्रेमधले काळे पडलेले, काडीसकटचे सहा-सात बेदाणे.

"शिकतंय रं अजून. पैल्याच परीक्षेला नापास करत्यात व्हय कुणी?"

मी नुसता त्या मुठीकडं बघत राहिलो. तिनं ते सगळे माझ्या तळहातावर ओतले.

"बगत काय उबा ऱ्हायलास? खा! पुरावा कशाला ठिवायचा?"