धुडकूभाऊंची खूण

धुडकूभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं ते नववीच्या पालकसभेत. आमची शाळा सुरतेच्या लिंबायतमधली, मराठी माध्यमाची. वर्गात वीस-बावीस पालक दबक्या आवाजात बोलत होते. इतक्यात दारातूनच प्रश्न आला, "बाई, मन्ही पोर हुशार शे का?"

सगळा वर्ग वळून बघायला लागला. केसांत सुताचे पांढरे तंतू अडकलेला, रात्रपाळी करून थेट आलेला एक किडकिडीत माणूस दारात उभा होता. त्याच्या मागे उभी असलेली त्याची मुलगी गायत्री लालबुंद झाली आणि जिन्याकडे पळाली. माणूस आडदांडपणे बोलतो, एवढीच नोंद मी तेव्हा मनात केली.

पण एक गोष्ट खटकली. मी बोलताना ते माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हते, ओठांकडे बघत होते. गुणपत्रक काढायला मी कपाटाकडे वळले आणि वळता वळता काहीतरी विचारलं, तर उत्तरच आलं नाही. पुन्हा समोर तोंड केलं, तेव्हा म्हणाले, "काय म्हनन्या बाई?" पुढची चार वर्षं या माणसाकडे माझं लक्ष राहिलं, त्याची सुरुवात इथे झाली.

गायत्री माझ्या वर्गातली सगळ्यात अवघड मुलगी होती, आणि सगळ्यात प्रेमळही. सोमवारी ती माझ्या टेबलावर जास्वंद ठेवायची, "बाई, तुम्ही माझ्या आईपेक्षा जास्त आहात" म्हणायची. गुरुवारी तिची वही मी दुसऱ्या मुलीनंतर तपासली, तर "मला माहीत होतं, तुम्हीपण तशाच" म्हणून वही फाडायची. दिपाली नावाच्या मैत्रिणीचंही तेच. आज जिवाभावाची, उद्या तोंड बघायचं नाही. सुरतेच्या एप्रिलमध्येही ती पूर्ण बाह्यांचा कुडता घालायची. एकदा मी तिला सगळ्यांसमोर म्हणाले, "नाटकं पुरे." ते शब्द मला अजून टोचतात. बाह्यांचं कारण, हातांवरचे व्रण, मला उशिरा कळलं.

दहावीच्या वर्षी एका दुपारी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. जीव वाचला. तिथल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनी बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराचं नाव घेतलं, पण म्हणाले, "वय लहान आहे, मी शिक्का मारायची घाई करणार नाही. उपचार मात्र आजपासून." आणि तिला व तिच्या आईवडिलांना हेतलबेन नावाच्या समुपदेशक बाईंकडे पाठवलं. गुजराती कागद वाचून दाखवायला मला सोबत नेलं होतं, म्हणून मी तिथे होते.

हेतलबेननी सांगितलं ते सोपं होतं. घरातलं धारदार सगळं आणि गोळ्या कुलपात ठेवा. मदतीचे फोन नंबर भिंतीवर लावा. आणि ती भडकली की आधी समजवू नका. "कारण लहान असेल, पण भीती खरी असते. माणूस आपल्याला सोडून जाणार, असं तिला त्या क्षणी खरंच वाटतं. आधी दाखवा की तुम्हाला तिचा त्रास दिसला. हळू आवाजात. कारणाचं नंतर."

धुडकूभाऊ त्यांच्या ओठांकडे बघत होते. मग म्हणाले, "बेन, तेच तं माले जमत नही. मी हळू बोलनू तं माले वाटस, मी बोलनूच नही."

पुष्पाबाई, त्यांची बायको, पदर तोंडाला लावून हसली. "चाळीमा बठ्ठासले मालूम पडस, आमना घर काय भाजी शे."

पंचवीस वर्षं यंत्रमागांच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, काढलेल्या माणसाचे कान निम्मे गेलेले असतात. तो प्रेमानं बोलला तरी ओरडल्यासारखं वाटतं. एवढं मला त्या दिवशी समजलं. उरलेलं समजलं त्यांच्या घरी.

एका संध्याकाळी मी गेले होते. धुडकूभाऊ पाळीवरून आले, कुणाशी न बोलता मोरीवर बसून पाय धुवायला लागले. गायत्री मागे येऊन उभी राहिली.

"पप्पा, दिपालीनं माले ब्लॉक कर दिया."

उत्तर नाही. तिनं पुन्हा सांगितलं. पाण्याचा आवाज तेवढा येत राहिला. "देखा बाई? इनको क्या फरक पडता है!" तिनं ताट भिंतीवर फेकलं. तेव्हा ते दचकून वळले, आणि घाबरून ओरडले, "काय व्हयनं?" ती आत पळाली.

मी त्यांच्या कानाकडे बोट दाखवलं. त्यांनी कानांतून कापसाचे दोन बोळे काढले. खात्यात जाताना घालायचे आणि रात्री जेवायला बसताना काढायचे, ही त्यांची वर्षानुवर्षांची सवय. ते बोळे ते कितीतरी वेळ तळहातावर घेऊन बघत बसले.

"म्हंजे पोर रोज मन्हा पाठशी बोले?"

"माले तं वाटे, मन्हासाठेच घालतस!" पुष्पाबाई म्हणाली. पण या वेळी तिला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बोळे उंबऱ्याबाहेर निघायला लागले. त्यानं भांडणं कमी झाली, थांबली नाहीत. अकरावीच्या दिवाळीनंतर पुष्पाबाई थकली. पाचोऱ्याच्या मामानं निरोप दिला होता, पोरगी इकडे पाठवा, स्थळ बघू, संसारात पडली की सुधारेल. तिनं गायत्रीची पिशवी भरली. मला कळलं तशी मी धावत गेले. जिला कुणी टाकून देईल हीच भीती, तिला घराबाहेर काढणं म्हणजे काय, हे हेतलबेननी दोनदा सांगितलं होतं.

मी पोचले तेव्हा गायत्रीनं आतल्या खोलीची कडी लावली होती. "पाठवा! टाकून द्या मला! तुम्हाला तेच पाहिजे!" पुष्पाबाई दार बडवत होती. धुडकूभाऊ पाळी अर्धी टाकून आले होते. त्यांनी बायकोला बाजूला बसवलं आणि गॅलरीतल्या खिडकीच्या जाळीसमोर जाऊन उभे राहिले. तोंड उघडलं, आणि परत मिटलं. मग उजवा हात वर केला, तळवा तिच्याकडे. आणि तोच हात छातीवर ठेवला.

"नाटक मत करो!" ती किंचाळली.

त्यांनी पुन्हा तसंच केलं. हात वर, मग छातीवर. एक शब्द नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आतला आवाज हळूहळू उतरला. मग नुसतं रडणं. मग कडी निघाली.

ती खूण मला माहीत नव्हती. नंतर चहा घेताना विचारलं. खात्यात शेजारच्याचा आवाजही ऐकू येत नाही. कुणाचा माग अडला की तो लांबून बघतो. ज्याला मदतीला जायचं असेल तो हात वर करतो, म्हणजे दिसलं. मग छातीवर ठेवतो, म्हणजे मीच येतो. हातातलं काम आवरेपर्यंत वेळ लागला तरी समोरचा निर्धास्त राहतो.

"पण गायत्रीला कसं कळलं?"

ती कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिनंच सांगितलं. "लहान होते तेव्हा मी डबा घेऊन जायचे. आत सोडायचे नाहीत. मी दारातूनच बघायचे. पप्पा लांबून असंच करायचे." मग म्हणाली, "आणि यायचे."

पुष्पाबाईनं ती भरलेली पिशवी स्वतःच रिकामी केली. कपडे घडी करताना पुटपुटत होती, "मामाले मीच सांगस, पोर इथंच राही."

हेतलबेनना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"खातामा बठ्ठा करतस," धुडकूभाऊ म्हणाले. यात शिकण्यासारखं काय, असा त्यांचा चेहरा होता.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. तीन आठवड्यांनी तिनं फोन फोडला. बारावीचं एक वर्ष वाया गेलं. माझ्याशीही ती दोन महिने बोलली नव्हती. मग एक दिवस जास्वंद घेऊन दारात उभी. पण हल्ली भडकायच्या आधी कधीकधी तीच हात वर करते, आणि त्या हाताचा अर्थ घरातल्या तिघांनाही कळतो.

धुडकूभाऊ आता चोपन्न वर्षांचे आहेत. कडोदऱ्याच्या एका खात्यात ते फक्त दिवसपाळी करतात, आणि दर गुरुवारी अर्धी पाळी सोडून गायत्रीबरोबर हेतलबेनकडे जातात.