इस्त्री फिरवलेली गिटार

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नाहीतर पुढे चहा नाकात जाईल! मी आयटीतला माणूस. काम काय? सॉफ्टवेअर तपासणं. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतो. आणि मी लेकीसाठी, ईशासाठी, स्वतःच्या हातानं गिटार बनवायला घेतली.

अवजारं आणि शिकवणी धायरीच्या नामदेव मिस्त्रींची. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "सायेब, टेपचं टोक झिजलंय. एकच्या खुणेपासून मोजा, अन् शेवटी एक वाढवून धरा."

चार महिने कर्वेनगरच्या बाल्कनीत खपलो. गिटार अशी देखणी झाली, विचारू नका! ईशानं शाळेत सांगूनही टाकलं, रविवारी गॅदरिंगला बाबांनी बनवलेली गिटार वाजवणार.

सोमवारी तारा चढवल्या. मोकळी तार सुरात, बोट दाबलं की बेसूर!

तारा बदलल्या. पुन्हा बदलल्या. मग, सांगायला लाज वाटते, पोरीलाच म्हणालो, "तू नीट दाबत नाहीस." बिचारी दोन दिवस दाबत बसली. बोटांना फोड आले.

"अहो," बायको म्हणाली, "तपासणी फक्त ऑफिसातच करता का?"

गुरुवारी रजा टाकून धायरी गाठली. मिस्त्रींनी गिटार वाजवलीसुद्धा नाही, सरळ टेप लावली.

"एकपासून मोजलं?"

"हो! तुम्हीच सांगितलं होतं ना!"

"अन् शेवटी एक वाढवला?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

"तारा अडकवायची पट्टी एक सेंटिमीटर अलीकडं चिकटवली हाय तुमी."

माझा चेहरा पडला. लेकीला काय सांगू?

"रडताय काय? आतनं इस्त्री आणा!"

कपड्यांची इस्त्री, हो! पट्टीवर ओलं फडकं ठेवून वरून फिरवली, सरस मऊ झाला, पट्टी अलगद सुटली. त्यांनी ती योग्य जागी बसवली आणि जुन्या जागी उरलेल्या सरसाच्या डागावर शिसवीची नाजूक चकती जडवली. एकदाही हसले नाहीत. त्या माणसाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

रविवारी ईशानं झकास वाजवली. मग माइकवर म्हणाली, "ही गिटार माझ्या बाबांनी बनवली." मी कॉलर ताठ केली. "आणि नामदेवकाकांनी वाजती केली!"

सगळा हॉल हसला. मला तर भरूनच आलं. शेजारी बसलेल्या मिस्त्रींचे सगळ्यांसमोर आभार मानावेत म्हणून हात जोडून उभा राहिलो.

त्यांनी माझी बाही ओढली आणि हळूच म्हणाले, "खाली बसा, सायेब. शर्टाची बटणं बी एक घर चुकलीत."