भुवईचा निकाल

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी गायकवाडच्या नंबरवरून फोन आला. रविवारचं भांडण अर्धवट राहिलं होतं, म्हणून मी हॅलोसुद्धा न म्हणता सुरुवात केली, "भुवई मागं जात नाही, राव! किती वेळा सांगू?" पलीकडे गायकवाड नव्हता, वहिनी होत्या. म्हणाल्या, "भाऊजी... हे गेले. झोपेतच गेले." सांगवीला त्यांच्या घरी पोचेपर्यंत मला दुःखापेक्षा शरमच जास्त वाटत होती. हा किस्सा गायकवाडला फार आवडला असता, आणि आता तो ऐकायला गायकवाडच नव्हता.

चाकणच्या एका कंपनीत आम्ही अठ्ठावीस वर्षं एकत्र काढली. तो क्वालिटीत, मी प्रॉडक्शनमध्ये. म्हणजे साप-मुंगसाचं नातं. मला माल बाहेर काढायची घाई, आणि त्याच्या खिशात कायम पिवळे टॅग. जरा शंका आली की पेटीला 'होल्ड'चा टॅग बांधून हा मोकळा. तो टॅग सुटायला दोन सह्या लागत, एक क्वालिटीची, एक प्रॉडक्शनची. मी पेन उघडून उभा, आणि हा भिंगातून वर न बघता म्हणणार, "घाई काय आहे, राव?" एवढ्या वर्षांत "शिंदे, तुझं बरोबर" हे वाक्य मला त्याच्या तोंडून एकदाही ऐकायला मिळालं नाही. खोटं कशाला सांगू, निवृत्तीनंतरही मी त्याच्याबरोबर हिंडत राहिलो तो बराचसा या एका वाक्याच्या आशेनं.

निवृत्तीच्या वेळी मुलीनं त्याला कॅमेरा दिला आणि आमचे रविवार पक्ष्यांच्या मागं लागले. यंदाच्या थंडीत चऱ्होलीला, नव्या इमारतींच्या मागं उरलेल्या ओढ्याकाठी, काटेरी तारेवर एक वटवट्या येऊन बसला. मातकट, चिमणीहून सडपातळ... हे सगळे वटवटे एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात. गायकवाडनं चार फोटो काढले. एकात पक्षी नव्हताच, एकात नुसती शेपूट, उरलेले दोन बरे. मी कॅमेऱ्याकडे ओझरतं पाहून ठोकून दिलं, "नेहमीचा वेळूतला वटवट्या. चल, मिसळ खाऊ." तो म्हणाला, धानातलाही असू शकतो, त्याची पांढुरकी भुवई डोळ्याच्या बरीच मागं जाते, वेळूतल्याची डोळ्यापाशीच संपते. आणि या बहाद्दराच्या नेमकी डोळ्यामागं पानाची सावली पडलेली. झालं! फोटोची प्रिंट निघाली आणि तिला पिवळा टॅग बांधला गेला. पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर टाकला तर निम्मे माझ्या बाजूनं, निम्मे त्याच्या, आणि एकानं सुप्रभात केलं.

पुढच्या रविवारी गडी कंपनीतल्यासारखा जाडी मोजायचा व्हर्नियर घेऊन हजर. चोचीच्या लांबीवरून काहीतरी कळेल. पक्षी मोजता येत नसला तरी तो बसला ती तार मोजता येते, आणि तारेची जाडी कळली की तिच्यावरून फोटोतल्या चोचीची लांबी काढता येते, असं त्याचं गणित. तो तारेशी वाकलेला पाहून शेजारच्या वावरातले एक म्हातारबा धावत आले. त्या भागात कुणी काही मोजायला लागलं की लोकांना वाटतं, आता आपली जमीन जाणार.

"सायेब, रस्ता आमच्या वावरातनं काढताय व्हय?"

"नाही बाबा, चोच मोजतोय. पक्ष्याची."

"पक्षी कुठं हाय?"

"तो मागच्या रविवारी होता."

म्हातारबांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "यांच्याकडं बगायला घरी कुनी हाय का?" तार गंजलेली, तिची जाडी दर वितीला वेगळी निघाली. होल्ड कायम राहिला आणि आमचं भांडणही. दर रविवारी तीच तार, तीच भुवई.

गायकवाडच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर वहिनींनी मला आत बोलावलं आणि ती प्रिंट हातात ठेवली. "सोमवारी संध्याकाळभर हेच घेऊन बसले होते," म्हणाल्या. टॅगवर त्याच्या ठाशीव अक्षरात लिहिलं होतं, 'शिंदेचं बरोबर. रविवारी सांगणे. आधी त्याच्याकडून मिसळ घेणे.' खाली क्वालिटीच्या रकान्यात सही. प्रॉडक्शनचा रकाना रिकामा. मी तिथंच, वहिनींसमोर, लहान मुलासारखा रडलो.

घरी येऊन सही करायला पेन काढलं, चष्मा लावला, आणि नोकरीत कधी केलं नव्हतं ते केलं. सहीआधी माल नीट पाहिला. बराच वेळ पाहिला. सावलीच्या पलीकडे एक फिकट रेघ आहे... मला वाटतं, भुवई मागं जाते. म्हणजे गायकवाडचंच बरोबर होतं आणि त्यानं माझ्या शब्दाखातर ते सोडलं. की मलाच आता तसं दिसतंय? विचारायचं कुणाला?

प्रिंट आता माझ्या दाराशी, दुर्बिणीच्याच खिळ्याला टांगली आहे, टॅगसकट. दोन रविवार मी त्या तारेपाशी एकटाच उभा राहून आलो. म्हातारबांनी विचारलं, "दुसरं सायेब न्हाई आलं?" मी दुर्बीण डोळ्यांना लावली. सही अजून केलेली नाही. घाई काय आहे, राव?