पाण्याच्या नोटिशीखाली

सहाव्या मजल्यावरच्या काकांना मी फसवलं. सोसायटीच्या निवडणुकीत फसवलं, आणि तेही त्यांनीच शिकवलेल्या विद्येनं.

निवडणूक कशी लागते हे या देशात दोघांनाच नीट ठाऊक असावं, एक राष्ट्रपती आणि दुसरे आमचे काका. त्यातही राष्ट्रपतींपुढे कुणीतरी कागद ठेवत असेल, काकांना तोही लागत नाही. मूळचे रत्नागिरीचे, तहसील कचेरीत कारकून, निवडणुकीच्या नोटिसा फलकावर लावण्यात सगळी नोकरी गेलेली. टीव्हीवर तारखा जाहीर झाल्या की सगळं भाईंदर बोलायला लागतं, काका मात्र ढिम्म. पानवाला विचारतो, "काका, इलेक्शन लग गया ना?" काका म्हणतात, "लगा नहीं. अभी सिर्फ बताया है. राष्ट्रपती की अधिसूचना निकलेगी, राजपत्र में छपेगी, तब लगेगा." विधानसभेची असेल तर राज्यपालांची. विलायतेत कसं असतं, हे तर चुकूनही विचारू नये. मी एकदा विचारलं. काशीमीऱ्याच्या नाक्यावर, ट्रकच्या धुरात, पाऊण तास उभं राहून ऐकलं की पंतप्रधान राजाकडे जातो, संसद विसर्जित होते आणि मग एकेका मतदारसंघाला निवडणूक घ्या म्हणून हुकूम सुटतो. तेवढ्यात माझ्या टाइल्सच्या दुकानातलं गिऱ्हाईक समोरच्याकडे गेलं. मी चिडलो, तर म्हणाले, "शेठ, राजालासुद्धा कागद काढावा लागतो. कागद फलकावर लागला की निवडणूक जन्मली. तोवर सगळ्या गप्पा."

कुठलीही नोटीस दिसली की ती शेवटपर्यंत वाचायची आणि खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक "वाचली" लिहून तारीख घालायची, ही त्यांची सवय. लिफ्ट बंद असल्याची नोटीस, हरवलेल्या मांजराची नोटीस, काहीही. उत्तनला मासळी आणायला माझ्याबरोबर आले आणि धक्क्यावरच्या फलकापाशी अडकले. शेवटी कोळीण म्हणाली, "काका, म्हावरा घ्या आधी. कागद काय पलून जात न्हाय."

सरकारी नोकराला निवडणुकीला उभं राहता येत नाही. एकदा मला म्हणाले, "जन्मभर लोकांचे अर्ज घेतले, शेठ. एकदा स्वतःचा भरायचाय. पडलो तरी चालेल." हे त्यांनी मला सांगितलं, सोसायटीच्या सेक्रेटरीला.

पण ते पडणार नव्हते. अर्ध्या इमारतीची मतदार ओळखपत्रं त्यांनीच फॉर्म भरून मिळवून दिलेली. मी हातगाडीपासून दुकानापर्यंत भांडत आलेला माणूस, हातातलं सोडायची मला सवय नाही. निवडणूक अधिकारी म्हणून माझ्याच ओळखीचा माणूस नेमला. नोटीस नियमाप्रमाणे फलकावर लावली. आणि तिच्यावर, त्याच टाचण्यांनी, दुसरा कागद लावला: टँकर येईपर्यंत पाणी जपून वापरा.

पाच दिवस अर्जाची मुदत होती. पाच दिवस सगळी इमारत त्या फलकासमोर उभी राहून पाण्याला आणि मला शिव्या देत होती. खालचा कागद कुणी उचलून पाहिला नाही. सहाव्या दिवशी आमची जुनी समिती बिनविरोध निवडून आली आणि मी पेढे मागवले.

संध्याकाळी कागद काढायला गेलो. टाचण्या तीन लावल्या होत्या, आता चार होत्या. पाण्याचा कागद उचलला. खालच्या नोटिशीच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं होतं: "वाचली." तारीख पहिल्या दिवसाची.

कागद घेऊन तडक सहाव्या मजल्यावर गेलो. चोरी मी केलेली, आणि आवाजही मीच चढवला. "काका, वाचली होती तर अर्ज का नाही भरला? बोंब का नाही मारली?"

"बसा, शेठ. चहा टाकतो."

"चहा नको. ती चौथी टाचणी कुणाची?"

"माझी. एक कोपरा सुटला होता. वाऱ्यानं दोन्ही कागद पडले असते."

"पण झाकलेली होती ना?"

काकांनी कपाटाकडे पाहिलं. "हो. जन्मभर नोटिसा लावल्या, झाकली एकही नाही. झाकलेल्या नोटिशीवर स्वतःचाच अर्ज कसा भरू? म्हटलं, ज्यानं झाकली तो मुदतीच्या आत येऊन काढेल. रोज खाली येऊन बघत होतो." कपाटात, काचेमागे, त्यांचा अर्ज होता. सगळा भरलेला, सहीसकट.

घासाघिशीत मी कुणाला ऐकत नाही. त्या दिवशी मला समोरून भावच सांगितला गेला नाही. मी चहा प्यायलो, गोड होता, आणि खाली आलो. आता पुढची निवडणूक पाच वर्षांनी. काकांचं पंच्याहत्तरावं सरलंय. हल्ली ते फलकाशी थांबत नाहीत, लिफ्टचं बटण दाबून भिंतीकडे बघत राहतात.

रागावले असते तर मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. तेवढंही त्यांनी केलं नाही, हा माझा राग आहे. आणि इमारतीवरही आहे. एवढी माणसं त्या कागदासमोर रोज उभी राहिली, निवडणूक कधी लागली हे एकानंही विचारलं नाही. येत्या सभेत कुणीतरी उठावं, मला सगळ्यांसमोर उभं करावं आणि विचारावं: शेठ, पाण्याच्या नोटिशीखाली काय होतं? आणि उत्तर दिल्याशिवाय मला बसू देऊ नये.