शिपायाची खुर्ची

मुखेडहून लातूरला येणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला. मांडीवर शाल, नारळ आणि गळ्यातून काढलेला हार. सत्कार झालेल्या माणसाचं तोंड इतकं पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. खड्डा आला की नारळ घरंगळायचा, तो मुकाट्याने उचलून पुन्हा मांडीवर घ्यायचा.

"रिटायर झालात?" मी विचारलं.

"न्हाई, बदली. ज्यांनी करवली त्यांनीच हार घातला."

एका कचेरीत साहेब होता तो. मीटिंगला म्हाताऱ्या शिपायालाही खुर्ची द्यायचा, एवढाच गुन्हा. बाकीच्यांना ते झोंबलं आणि वरपर्यंत तक्रारी गेल्या.

"आज निरोपाला शिपाई दाराशी उभाच. मामा, बसा म्हणलं, तर म्हणाला, 'साहेब, तुम्ही चाललात. मला हितंच राहायचं हाय.'"

मला संताप आला, पण नेमका कुणाचा ते कळेना.

"नवा साहेबही देईल की खुर्ची," मी उगाच म्हणालो.

तो हाराच्या पाकळ्या खुडत राहिला.

"त्या खुर्चीवर आता पाण्याचा जार ठेवलाय," तो म्हणाला. "मामांनीच ठेवला. माझ्यादेखत."