ओठांतल्या टाचण्या

फिटिंग करताना मावशी टाचण्या ओठांत धरायची. शिवणाच्या दुकानात लागल्यापासूनची सवय. मध्येच बोलायची वेळ आली की ओठ जेमतेम उघडायची आणि शब्द अर्ध्यावर सोडून द्यायची, नाहीतर टाचण्या खाली! मराठीत खपून जायचं. इंग्रजीत पंचाईत, आणि दुकानाची गिऱ्हाइकं सगळी इंग्रजी बोलणारी.

"'प्रेस' की 'प्रेस्ड'?" मालकीणबाई करवादायच्या. "इस्त्री करणार आहेस, की झाली? गिऱ्हाइकाने काय समजायचं?"

अशात पुढच्या काउंटरची जागा रिकामी झाली. मागच्या खोलीत वाकून वाकून मावशीची कंबर कामातून गेलेली. तिला ती जागा हवीच होती.

"शनिवारी एका गिऱ्हाइकाशी बोलून दाखव," मालकीणबाई म्हणाल्या. "शब्दांची शेपटं गिळलीस, तर मागची खोली आहेच."

झालं! मावशीचा पाय एका जागी ठरेना. आमटी ढवळताना "स्टिच्ड", कपडे वाळत घालताना "फिनिश्ड". मी नाटकातली, म्हणून तालमीला मलाच जुंपलं. तिच्या तोंडासमोर मी कागदाचा कपटा धरायचे. "कोट" म्हटलं की शेवटच्या 'ट'ला तो थरथरला पाहिजे.

"मावशी, एका जागी बस की गं!"

"बसले की जीभपण बसते, बये."

शनिवारी मी दाराशी उभी. गिऱ्हाइकाच्या कोटाच्या बाह्या लांब होत्या. त्या बघताच मावशीचा हात आपसूक डबीत गेला आणि टाचण्या ओठांत! मालकीणबाईंनी कपाळावर हात मारला.

"व्हेन विल इट बी रेडी?" गिऱ्हाइकाने विचारलं.

मावशीने एक बाही टाचली, दुसरी टाचली. त्याने पुन्हा विचारलं.

मग तिने उरलेल्या टाचण्या ओठांतून काढल्या, स्वतःच्या बाहीला खोचल्या आणि ताठ उभी राहिली.

"मंडे. शॉर्टन्ड. अँड प्रेस्ड."

शेवटचा ड असा वाजला, जणू कडी लागली. गिऱ्हाइकाने हसून कोट उतरवला.

"सोमवारपासून पुढे," मालकीणबाई म्हणाल्या. "पण टाचण्यांना हात लावायचा नाही. ते मागचे बघतील."

घरी जाताना मावशी नुसती ओठ चावत होती.

"जमलं की! मग तोंड का पाडलंयस?"

"पाडलं कुठे? रिकामं झालंय. सवयच नाही गं." तिने बाही चाचपली. एक टाचणी राहिली होती. ती ओठांत धरली आणि भराभरा पुढे निघाली.

"मावशी, अगं थांब!"

"ये माग..." ती म्हणाली.